रशियन भाषेला विद्यापीठाचे दार उघडणारे लोमोनोसोव्ह

मॉस्को विद्यापीठाच्या नावात ज्यांचे नाव गुंफले गेले आहे, ते मिखाईल वासिल्येविच लोमोनोसोव्ह जगाला शास्त्रज्ञ म्हणून परिचित आहेत. परंतु रशियन भाषा व साहित्य यांच्या विद्यापीठीय अभ्यासाच्या पायातील पहिले चिरे बसवणाऱ्यांतही त्यांचे नाव अग्रभागी आहे. या विद्वानाला स्वतः मात्र वर्गात बसण्यासाठी आपले कूळ लपवावे लागले होते.

लोमोनोसोव्ह यांचा जन्म १९ नोव्हेंबर १७११ रोजी, म्हणजे जुन्या रशियन पंचांगानुसार ८ नोव्हेंबरला, उत्तर रशियातील खोल्मोगोरी गावाजवळ झाला. वडील वासिली हे शेतकरी वर्गातील होते. श्वेत समुद्रात जहाजे नेऊन मासेमारी आणि मालवाहतूक करीत. मिखाईलही वडिलांबरोबर समुद्रावर जात असे. आई लहानपणीच वारली. मुलगा पुस्तकांत वेळ दवडतो, हे सावत्र आईला खपत नसे. थंडीवाऱ्यात एखादा आडोसा शोधून तो वाचत बसे. स्मोत्रित्स्की यांचे स्लाव्ह व्याकरण आणि माग्नित्स्की यांचे अंकगणित ही दोन पुस्तके त्याच्या हाती आली आणि त्याने ती अक्षरशः मुखोद्गत केली. एक पुस्तक भाषेचे आणि दुसरे गणिताचे. पुढील सारे आयुष्य या दोन वाटांवरच गेले.

गावात याहून अधिक शिक्षणाची सोय नव्हती. डिसेंबर १७३० मध्ये एकोणीस वर्षांच्या मिखाईलने ठरावीक मुदतीचा प्रवासपरवाना मिळवला आणि मासळी घेऊन निघालेल्या तांड्याबरोबर मॉस्कोचा रस्ता धरला. भर हिवाळ्यात हजार किलोमीटरहून अधिक अंतर कापून जानेवारी १७३१ मध्ये तो मॉस्कोला पोहोचला. तेथील स्लाव्ह-ग्रीक-लॅटिन अकादमीत शेतकऱ्यांच्या मुलांना प्रवेश नव्हता. त्यामुळे आपण उमरावाचे पुत्र असल्याचे सांगून लोमोनोसोव्ह यांनी प्रवेश मिळवला. लॅटिनच्या पहिल्या वर्गात लहान मुलांच्या शेजारी हा वीस वर्षांचा तरुण बसे आणि मुले त्याची थट्टा करीत. दिवसाला तीन कोपेक एवढाच भत्ता मिळे. त्यातील अर्धा कोपेक पावावर आणि अर्धा क्वास या आंबवलेल्या पेयावर खर्च होई. उरलेल्या पैशांत कागद, पादत्राणे आणि इतर गरजा भागवाव्या लागत. पुढे १७३४ मध्ये एका मोहिमेबरोबर जाण्यासाठी त्यांनी आपण धर्मगुरूचे पुत्र असल्याचे सांगितले. चौकशीची वेळ येताच खरे कूळ कबूल करावे लागले. तरीही त्यांचे शिक्षण बंद झाले नाही. त्यांची बुद्धी एव्हाना शिक्षकांच्या नजरेत भरली होती.

१७३६ च्या आरंभी निवडक विद्यार्थ्यांबरोबर ते सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीत गेले आणि त्याच वर्षी उच्च शिक्षणासाठी जर्मनीला रवाना झाले. मारबुर्ग विद्यापीठात तत्त्वज्ञ ख्रिस्तियान वोल्फ यांच्याकडे आणि नंतर फ्रायबर्ग येथे खनिजविद्येचे त्यांनी अध्ययन केले. जाताना त्रेदियाकोव्स्की यांचा रशियन छंदशास्त्रावरील ग्रंथ त्यांनी सोबत नेला होता. परमुलखात राहून ते आपल्या भाषेच्या लयीचा विचार करीत राहिले. १७३९ मध्ये खोतिन किल्ल्याच्या विजयावरील स्तोत्रकाव्य आणि त्यासोबत रशियन पद्यरचनेचे नियम मांडणारे पत्र त्यांनी मायदेशी पाठवले. आघातांच्या नियमित आवर्तनावर आधारलेली ही रचना रशियन भाषेच्या प्रकृतीला मानवली आणि पुढील रशियन काव्य मुख्यतः त्याच वाटेने गेले.

१७४१ मध्ये ते मायदेशी परतले. अकादमीत तेव्हा परदेशी, विशेषतः जर्मन विद्वानांचे वर्चस्व होते आणि ज्ञानाचा व्यवहार लॅटिन व जर्मन भाषांतून चाले. लोमोनोसोव्ह यांचा स्वभाव तापट होता. सहकाऱ्यांशी झालेल्या भांडणांपायी १७४३ मध्ये त्यांना अटक झाली आणि कित्येक महिने स्थानबद्धतेत काढावे लागले. १७४५ मध्ये ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. १७४६ मध्ये वोल्फीय भौतिकशास्त्रावरील ग्रंथाचा त्यांचा रशियन अनुवाद प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी भौतिकशास्त्रावर त्यांनी रशियन भाषेत जाहीर व्याख्यान दिले. अनुवाद करताना पारिभाषिक शब्दांची उणीव पदोपदी जाणवली. पृथ्वीचा आस, समतोल, विशिष्ट गुरुत्व अशा संकल्पनांसाठी त्यांनी रशियन धातूंपासून शब्द घडवले किंवा रुळवले. जेथे परकी शब्दच सोयीचा होता, तेथे तो निःसंकोचपणे स्वीकारला.

या कामाचा कळस म्हणजे त्यांचे रशियन व्याकरण. १७५५ मध्ये पूर्ण झालेला हा ग्रंथ १७५७ मध्ये छापून बाहेर पडला. तोवर व्याकरण म्हटले की चर्चची जुनी स्लाव्ह भाषाच प्रामुख्याने समोर येई. लोमोनोसोव्ह यांनी जिवंत, बोलत्या रशियन भाषेचे नियम पद्धतशीरपणे मांडले. केवळ शब्दयोगी अव्ययांबरोबर येणाऱ्या विभक्तीला रशियन व्याकरणात आज जे नाव आहे, तेही त्यांनीच दिले. १७५८ मध्ये त्यांनी उच्च, मध्यम आणि सामान्य अशा तीन शैलींचा सिद्धांत मांडून धर्मग्रंथांची भाषा आणि लोकभाषा यांची साहित्यातील स्थाने निश्चित केली.

व्याकरणाच्या जोडीनेच विद्यापीठाची कल्पना आकार घेत होती. १७५४ मध्ये राजदरबारातील वजनदार सरदार इवान शुवालोव यांना लिहिलेल्या पत्रात लोमोनोसोव्ह यांनी तिचा आराखडा मांडला. सम्राज्ञी एलिझाबेथ यांनी जानेवारी १७५५ मध्ये आज्ञापत्रावर स्वाक्षरी केली आणि त्याच वर्षी मॉस्को विद्यापीठ सुरू झाले. तत्त्वज्ञान, कायदा आणि वैद्यक अशा तीन विद्याशाखा होत्या. धर्मशास्त्राची स्वतंत्र शाखा नव्हती. अधिकृत श्रेय शुवालोव यांच्या पदरी पडले, लोमोनोसोव्ह यांचा नामोल्लेखही झाला नाही. मात्र त्यांचे शिष्य निकोलाय पोपोव्स्की यांनी तेथे तत्त्वज्ञानाचे पहिले व्याख्यान दिले, ते रशियन भाषेत. रशियन भाषेत व्यक्त होणार नाही असा विचार नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. १७६० च्या दशकाच्या अखेरीस, दुसऱ्या कॅथरीनच्या राजवटीत, तेथील अध्यापनात रशियन भाषेला अधिकृत स्थान मिळाले.

अर्थात हे दार सर्वांसाठी उघडले नाही. जमीनदारांच्या मालकीच्या भूदासांना विद्यापीठात प्रवेश नव्हता. उमरावांची आणि सामान्य वर्गातील मुलांची पूर्वतयारीची विद्यालयेही वेगवेगळी होती. १७५८ पासून पीटर्सबर्गच्या अकादमीतील विद्यालय आणि विद्यापीठ लोमोनोसोव्ह यांच्या देखरेखीखाली आले. डोईपट्टी भरणाऱ्या वर्गांतील मुलांनाही शिक्षण मिळावे, असा आग्रह त्यांनी तेथे सातत्याने धरला. त्यामागे त्यांच्या स्वतःच्या तरुणपणाची स्मृती होती, हे उघड आहे. आयुष्याच्या अखेरच्या काळात त्यांनी खोल्मोगोरीजवळच्या आपल्या बहिणीच्या मुलाला, मिखाईल गोलोविनला, याच विद्यालयात दाखल करून घेतले. हा भाचा पुढे गणितज्ञ झाला आणि त्याला मात्र आपले कूळ लपवावे लागले नाही.

१५ एप्रिल १७६५ रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी, लोमोनोसोव्ह यांचे सेंट पीटर्सबर्ग येथे निधन झाले. अलेक्सान्द्र नेव्स्की मठाच्या दफनभूमीत त्यांची समाधी आहे. १९४० मध्ये मॉस्को विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले.

भारतातही रशियन भाषेच्या अध्ययनाची परंपरा आहे. दिल्लीत १९६५ मध्ये स्थापन झालेली रशियन अभ्याससंस्था पुढे जवाहरलाल नेहरू विद्यापीठात समाविष्ट झाली. मुंबई आणि पुणे येथील विद्यापीठांतही ही भाषा शिकवली जाते. या वर्गांतील विद्यार्थी रशियन विभक्तींची नावे पाठ करतो, तेव्हा त्यातील एक नाव लोमोनोसोव्ह यांचे देणे असते. वर्गात कोणती भाषा चालते, यावर त्या वर्गात कोण बसू शकेल हे बऱ्याच अंशी ठरते. मासेमाराच्या या मुलाने ते स्वानुभवाने जाणले होते आणि आयुष्यभराच्या श्रमांनी आपल्या भाषेला त्या वर्गात स्थान मिळवून दिले.