सोबत्यांनी दिलेला मान

मुलांनो, स्काऊटचा गणवेश घातलेली मुले तुम्ही पाहिली असतील. त्यांच्या बाहीवरचे बिल्ले कौशल्याबद्दल मिळतात. पण दुसऱ्यांसाठी आनंदाने राबणाऱ्या मुलाचा गौरव कसा करावा? या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्या एका माणसाची ओळख आज आपण करून घेऊ.

अर्नर गुडमन यांचा जन्म १८९१ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात झाला. १९१५ च्या उन्हाळ्यात ते डेलावेअर नदीतील एका बेटावर भरलेल्या स्काऊट शिबिराचे प्रमुख होते. तेव्हा त्यांचे वय अवघे २४ वर्षांचे होते. कॅरोल एडसन हे त्यांचे साहाय्यक होते. सेवाभावी मुलांसाठी या दोघांनी एक मंडळ काढले. १६ जुलै १९१५ रोजी त्याचा पहिला समारंभ झाला. हे मंडळ पुढे 'ऑर्डर ऑफ द ॲरो' या नावाने प्रसिद्ध झाले. बेटावरच्या पहिल्या शाखेला 'युनामी लॉज' हे नाव मिळाले.

मंडळात कोणाला घ्यावे, हे ठरवण्याचा अधिकार गुडमन यांनी स्वतःकडे ठेवला नाही. तो त्यांनी मुलांनाच दिला. मोठ्यांसमोर कोणीही चांगले वागतो. पण एका तंबूत राहणाऱ्या सोबत्यांपासून खरा स्वभाव लपत नाही. विशेष म्हणजे, मत देणारी मुले स्वतः सभासद नसली तरी चालत असे.

१९४८ साली हे मंडळ अमेरिकेच्या स्काऊट संघटनेचा अधिकृत भाग बनले. १९८० साली गुडमन यांचे निधन झाले. सोबत्यांनी निवड करण्याची त्यांची पद्धत मात्र टिकून राहिली.

तुमच्या वर्गात अशी निवड झाली, तर तुम्ही कोणाचे नाव लिहाल? आणि तुमचे नाव कोण लिहील?