नाशिकच्या मुलाने केलेली शेवटची यादी



परदेशी जाण्यापूर्वी आशीर्वाद घ्यायला येणारी कुटुंबे आता आपल्या धर्मग्रामात नवीन राहिली नाहीत. कोणी आखातात निघालेले असते, कोणी कॅनडाला, कोणी ऑस्ट्रेलियाला. प्रार्थना झाली, कपाळावर क्रूसाची खूण झाली, की बोलणे हमखास सामानावर येते. बॅगेत २३ किलो बसतात आणि घर तर पंधरा-वीस वर्षांचे असते. जहाजाने खोकी पाठवावीत म्हटले, तर भाडे वस्तूच्या किमतीला भारी पडते. मग कुकर न्यायचा की काळा मसाला? आजीची गोधडी की थंडीचा कोट? लग्नाचा अल्बम की मुलांची पुस्तके? भिंतीवरचा क्रूस उतरवायचा की म्हाताऱ्या आईवडिलांपाशी राहू द्यायचा? कधी कधी नवरा-बायकोचा वाद आमच्या समोरच सुरू होतो. आम्ही हसून वेळ मारून नेतो; पण खरे सांगायचे तर प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. काय न्यायचे हे ठरवताना आपण कशासाठी निघालो आहोत, हेही ठरत असते.

म्हणून आज आम्ही आपणांस डॉ. डेव्हिड लिव्हिंगस्टन यांचे चरित्र सांगणार आहोत. ते आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेचे नव्हते, स्कॉटलंडचे प्रोटेस्टंट मिशनरी होते. परंतु त्यांचे सारे आयुष्य सामान बांधण्यात आणि गमावण्यात गेले. आणि त्यांच्या सामानाची शेवटची यादी आपल्या नाशिकला शिकलेल्या एका मुलाने केली.

लिव्हिंगस्टन यांचा जन्म १९ मार्च १८१३ रोजी ब्लँटायर या गावी झाला. घरची गरिबी. दहाव्या वर्षी ते सूतगिरणीत कामाला लागले. यंत्रावर पुस्तक टेकवून, येता-जाता एकेक वाक्य वाचत त्यांनी शिक्षण केले, पुढे वैद्यकी शिकले आणि डिसेंबर १८४० मध्ये जहाजाने दक्षिण आफ्रिकेला निघाले. तेथे १८४४ मध्ये एका सिंहाने त्यांचा डावा हात चावून मोडला. तो हात नीट सांधला गेला नाही. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, ती पुढे लागणार आहे.

१८४५ मध्ये मेरी मॉफट यांच्याशी त्यांचा विवाह झाला. कोलोबेंग येथे त्यांनी स्वतःच्या हातांनी घर बांधले. पण मन उत्तरेकडे, अजून कोणी युरोपीय न गेलेल्या मुलखाकडे ओढ घेत होते. १८५२ मध्ये त्यांनी पत्नीला व चार मुलांना केपटाऊनहून जहाजात बसवून इंग्लंडला पाठवून दिले. त्याच वर्षी बोअर लोकांनी कोलोबेंगवर हल्ला केला. त्यांचे घर लुटले गेले, औषधांच्या बाटल्या फोडल्या गेल्या, पुस्तके फाडून वाऱ्यावर टाकली गेली. लिव्हिंगस्टन यांना दुःख झालेच, पण आता मागे सांभाळायला काही उरले नाही, म्हणून आपण मोकळे झालो, असेही त्यांनी मानले.

नोव्हेंबर १८५३ मध्ये २७ सोबत्यांना घेऊन ते लिन्यांटीहून पश्चिम किनाऱ्यावरील लुआंडाकडे निघाले. ओझे जितके कमी तितका प्रवास बरा, अशी त्यांची पक्की धारणा होती. त्यांनी काय घेतले हे त्यांनीच नोंदवून ठेवले आहे. थोडी बिस्किटे, थोडा चहा-साखर आणि २० पौंड कॉफी. सुमारे १५ इंच लांबी-रुंदीच्या एका पत्र्याच्या डब्यात, किनाऱ्यावर पोहोचल्यावर घालायचे शर्ट, पँट आणि बूट. वाटेत वापरायच्या कपड्यांची एक पिशवी. एक डबा औषधांचा. एक डबा पुस्तकांचा, त्यात बायबल, पंचांगासारखे नाविकांचे पुस्तक आणि गणिताची कोष्टके. एका पेटीत भिंतीवर चित्रे दाखवणारा दिवा, ज्याला मॅजिक लँटर्न म्हणत. दिशा आणि उंची मोजण्याची उपकरणे. एक लहानसा तंबू, पांघरायला मेंढीचे कातडे आणि अंथरायला घोड्याची झूल.

ही यादी वाचताना आम्हांला एक गोष्ट जाणवली. यात शोभेचे काही नाही, पण तो चित्रांचा दिवा आहे. एवढ्या काटकसरीत तो का? कारण गावोगावच्या लोकांना बायबलमधील प्रसंग, अब्राहाम आणि इसहाक यांची गोष्ट, दाखवायची होती. त्यांनी स्वतःच्या सोयीला कात्री लावली, भेटणाऱ्या माणसांसाठी मात्र एक अख्खी पेटी वाहिली.

३१ मे १८५४ रोजी ते लुआंडाला पोहोचले, तेव्हा ताप आणि हगवणीने अगदी खंगले होते. ब्रिटिश जहाजांच्या कप्तानांनी मायदेशी नेण्याची तयारी दाखवली. त्यांनी नकार दिला. सोबतच्या २७ जणांना घरी परत पोहोचवायचे होते. त्यांनी आपली पत्रे, नकाशे आणि टिपणे तेवढी जहाजाने पाठवली. ते जहाज मदेराजवळ बुडाले! बातमी कळताच त्यांनी वाटेत मुक्काम करून सारे पुन्हा लिहून काढले. मग सोबत्यांना परत नेले, १८५५ मध्ये झांबेझी नदीवरचा प्रचंड धबधबा पाहून त्याला राणी व्हिक्टोरियाचे नाव दिले, आणि १८५६ मध्ये पूर्व किनारा गाठला. सामान गेले तरी माणूस हातपाय गाळत नाही, याचा हा चांगला दाखला आहे.

पण आम्हांला येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. संतचरित्र सांगताना आपण नेहमी हार घालतो. लिव्हिंगस्टन यांनी ओझे हलके केले, त्यात कुटुंबही हलके झाले. इंग्लंडमध्ये मेरी यांनी मुलांसह ओढाताणीत, या घरून त्या घरी अशी वर्षे काढली. पुढे त्या पतीजवळ झांबेझीवर आल्या आणि काही महिन्यांतच, २७ एप्रिल १८६२ रोजी, शुपांगा येथे तापाने वारल्या. थोरला मुलगा रॉबर्ट अमेरिकेतील यादवी युद्धात दुसऱ्याच नावाने भरती झाला आणि १८६४ मध्ये कैदी असताना मरण पावला. मुलांशी खेळायला आपण वेळ काढला नाही, याची लिव्हिंगस्टन यांना पुढे खंत वाटत राहिली. पुस्तके पुन्हा मिळतात, नकाशे पुन्हा काढता येतात. मुलांचे बालपण मात्र दुसऱ्या जहाजाने मागवता येत नाही.

१८६४ मध्ये त्यांची झांबेझी मोहीम गुंडाळली गेली. 'लेडी न्यासा' ही लहानशी आगबोट त्यांनी स्वतःच्या पैशाने बांधून घेतली होती. ती गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडू नये म्हणून ते स्वतः तिचे कप्तान झाले आणि झांझिबारहून ४५ दिवसांत मुंबईला आले. सुमारे ६,००० पौंडांची बोट मुंबईत २,३०० पौंडांना विकली गेली. ते पैसे ज्या बँकेत ठेवले, ती बँकही बुडाली.

येथे आपले नाशिक या गोष्टीत येते. शरणपूर रस्त्याने आपण रोज जातो-येतो. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने तेथे ख्रिस्ती वस्ती वसवली होती. ब्रिटिश नौदलाने समुद्रात गुलामांची गलबते पकडून सोडवलेली आफ्रिकन मुले तेथे आणली जात. त्यांना लिहा-वाचायला आणि सुतारकाम, लोहारकाम यांसारखे धंदे शिकवत. ही मुलेही समुद्र ओलांडूनच आली होती. त्यांच्याजवळ पेटी नव्हती, पिशवी नव्हती. आईबापांनी ठेवलेले नावही बहुतेकांचे मागे पडले आणि इंग्रजी नावे मिळाली. काय न्यायचे हे ठरवण्याची संधी त्यांना कोणी दिलीच नव्हती.

शेवटच्या मोहिमेसाठी लिव्हिंगस्टन यांनी यांतील ९ तरुण निवडले आणि जानेवारी १८६६ मध्ये मुंबईहून प्रयाण केले. या वेळी सामान भरपूर होते. आफ्रिकेत उतरले तेव्हा ६ उंट, ३ म्हशी व एक रेडकू, २ खेचरे आणि ४ गाढवे बरोबर होती. जनावरे मेली. अनेक माणसे सोडून गेली. जानेवारी १८६७ मध्ये दोन हमाल पळाले, त्यांच्याबरोबर औषधांची पेटी गेली. तापाच्या त्या मुलखात ही जणू मृत्यूची शिक्षाच आहे, असे त्यांना वाटले. पुढे उजिजी येथे त्यांच्यासाठी पाठवलेला माल ज्याच्या ताब्यात होता, त्याने तो परस्पर विकून टाकला. कागद संपला तेव्हा ते जुन्या वर्तमानपत्रांवर, फळांच्या रसाच्या शाईने लिहीत. नोव्हेंबर १८७१ मध्ये स्टॅन्ली त्यांना भेटले, मायदेशी चला म्हणाले. लिव्हिंगस्टन यांनी रोजनिशी तेवढी त्यांच्याबरोबर पाठवली आणि स्वतः मागे राहिले.

स्टॅन्ली यांनी किनाऱ्यावरून जी नवी तुकडी पाठवली, तिच्यात नाशिकला शिकलेला जेकब वेनराइट होता. १ मे १८७३ च्या पहाटे चितांबो यांच्या गावी, एका झोपडीत, लिव्हिंगस्टन बिछान्याशी गुडघे टेकलेल्या स्थितीत मृत आढळले.

मग सोबत्यांनी पेट्या उघडल्या. मालकाच्या वस्तूंवर उद्या कोणी संशय घेऊ नये, म्हणून सर्वांसमक्ष यादी करायचे ठरले. लिहिता येत होते जेकबला. त्याने लिव्हिंगस्टन यांच्याच वहीत नोंद केली. दीड शिलिंगच्या आसपास पैसे, एक टोपी, एक घड्याळ, होकायंत्र, मोजमापाची काही उपकरणे, थोडेसे औषध. ज्या मनुष्याचे नाव सगळ्या जगाला ठाऊक होते, त्याची मालमत्ता वहीतल्या एवढ्याशा नोंदीत मावली.

मग त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला, आपल्याकडच्या कुटुंबांपुढे असतो तोच. यातले काय न्यायचे? सुसी आणि चुमा हे जुने सोबती पुढारी होते. सर्वांनी ठरवले, कागद आणि उपकरणे तर न्यायचीच, पण डॉक्टरांनाही न्यायचे. शरीर टिकावे म्हणून हृदय आणि आतडी काढून एका झाडाखाली पुरली. जेकबने अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव व तारीख कोरली. देह मीठ भरून १४ दिवस उन्हात वाळवला, कापडात व झाडाच्या सालीत गुंडाळून वर शिडाचे कापड शिवले. उन्यान्येम्बे येथे भेटलेल्या इंग्रज अधिकाऱ्याने, कॅमेरॉन यांनी, येथेच दफन करा असा सल्ला दिला. त्यांनी तो मानला नाही. पुढे एका गावाने प्रेत नेण्यास हरकत घेतली, तेव्हा त्यांनी देह कापडाच्या गाठोड्यासारखा बांधला आणि गवत-काड्यांचे खोटे प्रेत मागे पाठवून दिले. असे सुमारे १,६०० किलोमीटर चालून ते फेब्रुवारी १८७४ मध्ये बागामोयो येथे समुद्राकाठी पोहोचले.

तेथे त्यांना कोणी जागा दिली? आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या पवित्र आत्मा संघाच्या फादरांनी. त्यांचे मिशन सोडवलेल्या गुलामांसाठीच काम करीत होते. प्रोटेस्टंट मिशनऱ्याचा देह त्यांच्या चर्चमध्ये ठेवला गेला. तेथील मनोऱ्याला आजही लिव्हिंगस्टन यांचे नाव आहे. आपापसांतील भिंती त्या काळी आजच्यापेक्षा कितीतरी उंच होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे या आतिथ्याचे मोल कळते.

देहाबरोबर जेकब इंग्लंडला गेला. सिंहाने मोडलेल्या त्या डाव्या हातावरून डॉक्टरांनी ओळख पटवली. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन झाले, तेव्हा शवपेटीला हात देणाऱ्या मोजक्या मान्यवरांत आपल्या शरणपूरचा जेकब होता.

बंधू-भगिनींनो, सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत ऑगस्टीनचा एक विचार आम्हांला समजावून देत. काही गोष्टी वापरण्यासाठी असतात, काही प्रेम करण्यासाठी. त्यांची अदलाबदल झाली की माणसाचे चुकते. तेव्हा तो परीक्षेपुरता पाठ केला होता. सामान बांधणाऱ्या घरांत बसल्यावर तो समजू लागला. प्रभूने ७२ शिष्यांना थैली आणि झोळी न घेता पाठवले, पण दोघे दोघे करून पाठवले, हेही लूकच्या शुभवर्तमानात दहाव्या अध्यायात आहे. सामान कमी करा, पण माणूस सोडू नका.

म्हणून निघणाऱ्या कुटुंबांना आमची एवढीच विनंती. यादी करायला बसाल तेव्हा पानाच्या वरच्या बाजूला आधी माणसांची नावे लिहा, ज्यांच्यासाठी निघालात त्यांची आणि जे मागे राहतात त्यांचीही. मग एकेक वस्तू त्या नावांशी ताडून पाहा. गोधडी न्यायची की नाही, हे आपोआप ठरेल. क्रूस आईवडिलांच्या भिंतीवर राहू द्या, तुम्हांला दुसरा मिळेल. पण दर रविवारी त्यांना फोन करा.

आणि जे कोठेच निघालेले नाहीत, त्यांच्यासाठीही काम आहे. मुले परदेशी गेलेली, भरलेली कपाटे सांभाळत एकटी राहणारी वृद्ध मंडळी आपल्या वाड्यांत नि इमारतींत आहेत. आज मिस्सा संपल्यावर घरी जाताना त्यांतील एका दाराची घंटी वाजवा. चुमा, सुसी आणि जेकब यांनी एका मनुष्याला मागे टाकले नाही. आपणही कोणाला मागे टाकू नये.

प्रभू आपणां सर्वांच्या जाण्या-येण्यावर कृपादृष्टी ठेवो.

आपले धर्मगुरू