पिवळ्या गळ्याची चिमणी

मुंबईच्या गिरगाव भागात खेतवाडी नावाची वस्ती आहे. या वस्तीत दिनांक 12 नोव्हेंबर 1896 रोजी सलीम अली यांचा जन्म झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. सलीम एक वर्षाचा असताना त्याचे वडील वारले आणि तिसऱ्या वर्षी आईचेही छत्र हरपले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी व मामी हमीदा बेगम यांनी या पोरक्या मुलांचा मायेने सांभाळ केला.

मामांना शिकारीचा नाद होता. सलीमलाही लहानपणीच छऱ्यांची एक बंदूक मिळाली. ती घेऊन तो चिमण्यांच्या मागे हिंडू लागला. नऊ-दहा वर्षांच्या या मुलाने एकदा घोड्यांच्या पागेत चिमणीचे घरटे पाहिले. मादी भोकात अंड्यांवर बसली होती व नर बाहेर एका खिळ्यावर बसून पहारा करीत होता. सलीमने गाडीच्या आड लपून त्या नराला टिपले. थोड्याच वेळात मादीला दुसरा सोबती मिळाला आणि तोही त्याच खिळ्यावर येऊन बसला. सलीमने त्यालाही मारले. अशा रीतीने सात दिवसांत आठ नर त्याच्या छऱ्यांना बळी पडले. ही गोष्ट निर्दयपणाची खरीच. परंतु त्या मुलाने जे पाहिले ते आपल्या वहीत जसेच्या तसे लिहून ठेवले. पुढे अनेक वर्षांनी ते टिपण छापले गेले. बंदूक आणि वही या दोन गोष्टी तेव्हा त्याच्याजवळ होत्या. त्यांपैकी कोणती वरचढ ठरणार, हे मात्र अजून ठरायचे होते.

एके दिवशी सलीमने मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. अशी चिमणी त्याने पूर्वी पाहिली नव्हती. ती कोणत्या जातीची, हे त्याने मामांना विचारले. मामांनाही ते सांगता येईना. तेव्हा त्यांनी बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस मिलार्ड यांच्या नावे चिठ्ठी देऊन भाच्याला तिकडे पाठविले. ही संस्था 1883 साली मुंबईत स्थापन झाली होती आणि मामा तिचे सभासद होते.

साहेबासमोर एकट्याने जायचे म्हणून सलीम मनात बिचकत होता. परंतु मिलार्ड यांनी त्याचे प्रेमाने स्वागत केले. ही पिवळ्या गळ्याची रानचिमणी आहे, असे त्यांनी चटकन ओळखले. नंतर त्यांनी कपाटांचे खण उघडून पेंढा भरून ठेवलेले पक्षी त्याला दाखविले. एकामागून एक खण उघडत होते आणि सलीम डोळे विस्फारून पाहत होता. आपल्या देशात इतक्या जातींचे पक्षी आहेत, याची त्याला कल्पनाही नव्हती! मिलार्ड यांनी त्याला पक्ष्यांवरील पुस्तके वाचावयास दिली. पक्ष्याचे कातडे सोलून ते कसे टिकवावे, हेही तो पुढे त्या संस्थेतच शिकला.

अभ्यासात सलीमचे मन फारसे रमत नसे. 1913 साली तो मॅट्रिकची परीक्षा कसाबसा उत्तीर्ण झाला. पुढे भावाच्या खाणीच्या व लाकडाच्या धंद्यात मदत करण्यासाठी तो ब्रह्मदेशात गेला. पण तेथेही त्याचे लक्ष रानातील पाखरांकडेच अधिक. 1917 साली परत आल्यावर त्याने व्यापारी शिक्षणाबरोबर सेंट झेवियर्स महाविद्यालयात प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. 1918 साली तेहमिना यांच्याशी त्याचा विवाह झाला.

विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे सरकारी प्राणिशास्त्र खात्यात सलीम अलींना नोकरी मिळाली नाही. 1926 साली मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात प्रेक्षकांना माहिती सांगण्याचे काम त्यांना मिळाले. तथापि आपले ज्ञान अपुरे आहे, हे जाणून ते 1928 साली रजा घेऊन जर्मनीला गेले. बर्लिन येथे स्ट्रेसेमान या थोर पक्षिशास्त्रज्ञाने त्यांना आपले शिष्य मानले. ते 1930 साली मोठ्या उमेदीने परतले, तो त्यांची जागाच पैशांअभावी रद्द झालेली होती!

मुंबईत राहणे परवडेना. तेव्हा हे जोडपे समुद्रापलीकडे अलिबागजवळच्या किहीम गावी राहावयास गेले. जवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळ्यात घरटी विणण्याची लगबग सुरू झाली. सलीम अली आडोसा करून तासन्‌तास तेथे बसू लागले. या वेळी त्यांच्या हातात बंदूक नव्हती. होती ती वही.

आपण या पक्ष्याला सुगरण म्हणतो आणि ते सुबक घरटे मादीच विणते, असे समजतो. सलीम अलींना निराळेच दिसले. घरटे विणतो तो नर. अर्धे विणून झाले की तो थांबतो. मग माद्या येतात व घरट्याची पाहणी करतात. एखादीला ते पसंत पडले, की नर ते पूर्ण करतो आणि मादी त्यात अंडी घालते. त्यानंतर नर दुसऱ्या घरट्याच्या कामाला लागतो व ते दुसऱ्या मादीला देतो. अंडी उबविणे व पिलांना भरविणे मात्र मादी करते. शेकडो वर्षे लोकांच्या डोळ्यांदेखत चाललेला हा संसार कोणी इतक्या बारकाईने पाहिलाच नव्हता. सलीम अलींचा यावरील लेख प्रसिद्ध होताच जाणकारांत त्यांचे नाव झाले. पागेतील चिमण्यांजवळही हीच दृष्टी होती. पण आता ती पाहण्यासाठी एकाही जिवाचा बळी द्यावा लागला नव्हता.

यानंतर त्यांनी हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन अशा अनेक संस्थानांत हिंडून तेथील पक्ष्यांची पाहणी केली. त्या काळी जातीची खात्री करण्यासाठी नमुने जमवावे लागत. त्यासाठी त्यांनीही पक्षी मारले. परंतु शास्त्राला गरज नसताना जीव घेणे त्यांना मान्य नव्हते. या रानावनांतील प्रवासांत तेहमिनांनी त्यांना मोलाची साथ दिली. 1939 साली त्यांचे निधन झाले. हा घाव सोसूनही सलीम अलींनी काम सोडले नाही. 1941 साली भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे सचित्र पुस्तक निघाले आणि सामान्य माणसालाही अंगणातील पाखरू नावाने ओळखता येऊ लागले.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मलायातील लोके वान थो नावाचे एक तरुण गृहस्थ मुंबईच्या आश्रयास आले. त्यांना पक्ष्यांची छायाचित्रे घेण्याचा छंद होता. दोघांची मैत्री जमली व त्यांनी मिळून अनेक सफरी केल्या. घरट्यासमोर मचाण बांधावे, कॅमेरा रोखावा आणि पक्षी निर्धास्त होईपर्यंत निश्चल बसावे, असा लोके यांचा क्रम असे. बंदुकीने टिपलेला पक्षी कपाटात जातो. कॅमेऱ्याने टिपलेला पक्षी पुन्हा आपल्या पिलांकडे जातो. पुढे सलीम अलींच्या मार्गदर्शनाखाली पक्षी जिवंत पकडून, पायात कडे घालून सोडण्याचे कामही मोठ्या प्रमाणावर झाले. त्या कड्यांवरून पक्ष्यांचे दूरदेशींचे प्रवास कळू लागले.

1968 ते 1974 या काळात सलीम अली व अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ रिप्ली यांचा भारतीय उपखंडातील पक्ष्यांवरील दहा खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. भरतपूरचे पाणपक्ष्यांचे सरोवर आणि केरळातील सायलेंट व्हॅलीचे अरण्य वाचावे, म्हणून त्यांनी आपला शब्द खर्ची घातला. 1976 साली त्यांना पद्मविभूषण हा किताब मिळाला व 1985 साली राज्यसभेवर त्यांची नेमणूक झाली. ज्याला पदवी नाही म्हणून नोकरी नाकारली गेली, त्याला पुढे विद्यापीठांनी आपण होऊन सन्मान्य पदव्या दिल्या. दिनांक 20 जून 1987 रोजी, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले.

सलीम अलींनी 1985 साली आत्मचरित्र प्रसिद्ध केले, तेव्हा त्याच्या नावात त्यांनी एका चिमणीचे पडणे गुंफले. जगभर कीर्ती मिळाल्यावरही ती पिवळ्या गळ्याची चिमणी ते विसरले नव्हते. आज गिरगाव, दादर, परळ येथील मुले हातात कॅमेरा घेऊन शिवडीच्या खाडीवर रोहित पक्षी पाहावयास जातात. पक्ष्याचे छायाचित्र मिळाले म्हणजे काम संपले, असे नाही. तो कोठे दिसला, केव्हा दिसला आणि काय करीत होता, हे ज्याच्या वहीत लिहिलेले असते, त्यालाच तो पक्षी खऱ्या अर्थाने दिसलेला असतो.