मावशीची भाषा

डॉ. आनंदीबाई जोशी म्हटले की पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळविणारी पहिली महाराष्ट्रीय स्त्री एवढेच आपल्याला आठवते. ती पदवी ज्या परक्या भाषेत मिळाली, ती भाषा त्यांना कशी साधली हेही पाहण्यासारखे आहे.

त्यांचा जन्म १८६५ चा. नवव्या वर्षी लग्न झाले. पती गोपाळराव यांनीच त्यांना शिकविले. पण त्या शिकवणीत धाक होता, प्रसंगी मारही होता. इंग्रजी वाचता-लिहिता येऊ लागले. त्या भाषेत मन मोकळे करावे असे माणूस मात्र १८८० मध्ये भेटले. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या मिसेस कार्पेंटर यांनी गोपाळरावांचा पत्रव्यवहार एका मासिकात वाचला आणि आनंदीबाईंना पत्र घातले. उत्तरे-प्रत्युत्तरे सुरू झाली. चालीरीती, प्रकृतीच्या तक्रारी, बायकांची दुःखे, सारे इंग्रजीत सांगावे लागले. न पाहिलेली ती बाई त्यांची मावशी झाली.

जून १८८३ मध्ये आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या. पती बरोबर नव्हते; मावशी न्यायला आली होती. तिच्या घरी राहून मग त्या फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर इंग्रजीत प्रबंध लिहून ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचे निधन झाले. वयाची २२ वर्षेही पुरी नव्हती. रक्षा मावशीकडे गेली आणि पोकीप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत विसावली.

म्हसवडहून दूर शिकायला जाणाऱ्यांनी शब्दकोश जरूर न्यावा. पण तेथे एखादे घरही जोडावे.