फुलबॅक जयपालसिंग

हॉकीचा विषय निघाला की आपल्या कॉलेजात ध्यानचंदांचे नाव निघतेच. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारताने पहिले सुवर्णपदक मिळवले आणि त्यात त्यांचे १४ गोल होते, हे अनेकांना पाठ असते. पण त्या संघाचा कप्तान कोण, असे मी विचारले की मित्र गप्प होतात. तो कप्तान आदिवासी होता. आम्हा चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीतल्या मुलांना तरी त्याचे चरित्र ठाऊक हवे.

जयपालसिंग मुंडा यांचा जन्म १९०३ साली रांचीजवळच्या टकरा या खेड्यात झाला. रांचीच्या मिशन शाळेतून ते विलायतेस गेले आणि ऑक्सफर्डमध्ये हॉकीपटू म्हणून गाजले. त्यांची जागा फुलबॅकची. ही जागा मोठी कठीण! दहा हल्ले परतवले तरी कोणी मोजत नाही. अकरावा सुटला की दोष मात्र माथी येतो. अ‍ॅमस्टरडॅमला भारताने पाच सामन्यांत २९ गोल केले आणि स्वतःवर एकही होऊ दिला नाही. अंतिम सामन्यात जयपालसिंग नव्हते. तरी त्या शून्यात त्यांचा वाटा आहेच.

या खेळासाठी त्यांनी मोल दिले. ते आय.सी.एस. परीक्षा उत्तीर्ण झाले होते. ऑलिंपिकसाठी रजा मिळाली नाही, तरी ते गेले. परतल्यावर उमेदवारीचे वर्ष पुन्हा काढण्याचा हुकूम झाला, तेव्हा त्यांनी ती नोकरीच सोडली. पुढे आपल्या शेजारच्या रायपूरच्या राजकुमार कॉलेजातही त्यांनी काम केले.

१९३९ मध्ये ते आदिवासी महासभेचे अध्यक्ष झाले. घटना समितीत त्यांनी जंगल-जमिनीवरील आदिवासींच्या हक्कांची आणि ‘आदिवासी’ या शब्दाचीही बाजू लढवली. ज्या पाचव्या अनुसूचीखाली आज आपल्या जिल्ह्यांतील अनेक गावे येतात, तिच्यावरील चर्चेतही ते होते. १९६३ मध्ये त्यांनी आपला झारखंड पक्ष काँग्रेसमध्ये विलीन केला; अनुयायांपैकी अनेकांना ते रुचले नाही. १९७० साली त्यांचे निधन झाले. झारखंड राज्य २००० साली झाले. ते पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

सुवर्णपदकापेक्षा मला त्यांची मैदानावरची जागाच मोठी वाटते. आपल्या माणसांच्या पाठीशी अखेरचा गडी म्हणून उभे राहणे, हे काम आपल्या भागात अजून संपलेले नाही.