रमाबाई रानडे

तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातील आणि हल्ली सांगली जिल्ह्यात मोडणाऱ्या देवराष्ट्रे या गावी, २५ जानेवारी १८६२ रोजी, कुर्लेकरांच्या घराण्यात एक कन्या जन्मास आली. तिचे माहेरचे नाव यमुना. घर खातेपिते, प्रतिष्ठित आणि जुन्या वळणाचे होते. मुलीने अक्षर गिरविले तर तिच्या सौभाग्यास धोका पोहोचतो, अशी त्या काळी पुष्कळ घरांत समजूत असे. यमुनेच्या घरीही मुलींना शिकविण्याची चाल नव्हती. पुराणांतील कथा ऐकाव्या, व्रते करावी, वडीलधाऱ्यांच्या हाताखाली घरकाम शिकावे, यातच तिचे बालपण गेले. वयाच्या अकराव्या वर्षी तिचा विवाह झाला आणि यमुनेची रमाबाई झाली. मुलांनो, तुमच्यापैकी कित्येकांचे वय आज एवढेच असेल!

वर होते माधवराव, म्हणजेच महादेव गोविंद रानडे. त्यांचा जन्म १८४२ सालचा. म्हणजे लग्नाच्या वेळी ते एकतीस वर्षांचे होते. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत त्यांची गणना होत असे. १८७१ पासून ते पुण्यास न्यायाधीश होते, आणि विद्वत्तेप्रमाणेच समाजसुधारक म्हणूनही त्यांचा लौकिक पसरला होता. बालविधवांचे पुनर्विवाह व्हावेत, असे ते उघडपणे प्रतिपादन करीत. १८६९ साली मुंबईत असा एक विवाह घडून आला, तेव्हा त्याच्या पाठीराख्यांवर बहिष्कार पडला. त्या पाठीराख्यांत माधवरावही होते.

१८७३ च्या ऑक्टोबरात माधवरावांच्या प्रथम पत्नी सखूबाई निवर्तल्या. माधवरावांना पराकाष्ठेचे दुःख झाले. परंतु त्यांच्या वडिलांना, गोविंदरावांना, दुःखाबरोबर एक भीतीही वाटू लागली. आता आपला मुलगा मित्रांच्या आग्रहाने एखाद्या विधवेशी विवाह करील, आणि मग घराण्याच्या नावाचे काय होईल? मुंबईच्या मित्रांची पत्रे मुलाच्या हाती पडू नयेत, अशी तजवीज त्यांनी केली आणि घाईघाईने स्थळ पाहिले. माधवरावांनी परोपरीने विनविले. एवढ्या लहान मुलीशी मला विवाह करावयाचा नाही, मला थोडा अवधी द्यावा, असे त्यांनी सांगून पाहिले. गोविंदराव ऐकेनात. मुलाने न ऐकल्यास आपण त्याच्याशी संबंध तोडून कोल्हापुरास निघून जाऊ, असे त्यांनी निश्चून सांगितले. अखेर पितृभक्तीपुढे मुलाचे मत हरले.

लोकांनी त्यांची फार निर्भर्त्सना केली. विधवाविवाहाचा उपदेश जगाला करणारा हा गृहस्थ स्वतःवर पाळी येताच अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न लावून मोकळा झाला, असे विरोधक म्हणू लागले. आणि मित्रही मनातून खिन्न झाले. या टीकेत तथ्य नव्हते असे म्हणता येत नाही. माधवरावांनी मात्र आपल्या समर्थनार्थ कोठे शब्द काढला नाही.

अशा रीतीने ज्याचे मन लग्नास तयार नव्हते असा वर, आणि जिला लग्नाचा अर्थही पुरता ठाऊक नव्हता अशी वधू, यांचा संसार सुरू झाला.

इंग्रजी वाङ्मयात जेन ऑस्टिन या लेखिकेची, १८१३ साली प्रसिद्ध झालेली, ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ नावाची एक विख्यात कादंबरी आहे. तीत एलिझाबेथ ही बुद्धिमान तरुणी आणि डार्सी हा धनाढ्य गृहस्थ आरंभीच एकमेकांविषयी चुकीचे ग्रह करून घेतात. त्याला तिचे घराणे हलके वाटते, तिला तो गर्विष्ठ वाटतो. पुढे तिच्या धाकट्या बहिणीच्या अविचाराने सगळ्या कुटुंबाची अब्रू पणास लागते, त्या प्रसंगी डार्सीचा खरा स्वभाव तिला कळतो, आणि मग त्यांचा विवाह होतो. आपल्याकडे त्या काळी हा क्रम नेमका उलटा होता. विवाह आधी आणि ओळख मागाहून! गैरसमज दूर करावयाचे ते एकाच छपराखाली राहून, आणि तेही दहापाच माणसांच्या डोळ्यांदेखत.

ओळखीचा आरंभ पाटीवर झाला. आपल्या पत्नीला लिहितावाचता येत नाही हे कळताच माधवरावांनी तिला मुळाक्षरे शिकविण्यास प्रारंभ केला. दिवसभर न्यायालयाचे काम, संध्याकाळी सभा आणि भेटीस येणारी मंडळी, आणि मग रात्री हा अभ्यास. रमाबाईंची बुद्धी तीव्र होती. मराठी बऱ्यापैकी येऊ लागल्यावर त्यांना शिकविण्यास सगुणाबाई देव या शिक्षिका येऊ लागल्या, आणि पुढे इंग्रजीचे धडे माधवरावांनीच सुरू केले. माधवराव स्वभावाने अबोल होते. त्यांचे प्रेम रमाबाईंना ओळखू आले ते या रात्रीच्या धड्यांतून. दिवसभराच्या श्रमांनी थकलेला हा मोठा मनुष्य आपल्यासारख्या अजाण मुलीसाठी झोप मोडतो, हे त्या मुलीने मनात साठविले.

घरात मात्र याच धड्यांवरून वादळ उठले. रानड्यांचे कुटुंब मोठे होते. सासूबाई, नणंदा आणि नात्यातील इतर वृद्ध स्त्रिया यांना सुनेने पुस्तक हाती धरणे मुळीच खपत नसे. रात्री वरच्या मजल्यावर रमाबाई मोठ्याने वाचीत, ते खाली ऐकू जाई, आणि सकाळी स्वयंपाकघरात त्याची नक्कल होई. कुलीन घरातील सुनेने असे वागणे म्हणजे घराण्याच्या तोंडाला काळोखी, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. वडील माणसांना न जुमानता ही नवऱ्याच्या कानी लागते, असेही त्यांना वाटे. वस्तुतः ही गोष्ट अगदी खोटी होती. सासरी जाताना रमाबाईंना वडिलांनी बजावले होते, की कितीही सोसावे लागले तरी सोसावे, पण घरातील कोणाची चुगली पतीजवळ करू नये. हा उपदेश त्यांनी अक्षरशः पाळला. पुढे हर्फर्ड नावाची एक इंग्रज बाई त्यांना इंग्रजी शिकविण्यास येऊ लागली, तेव्हा धडा संपताच स्नान केल्यावाचून घरातील वस्तूंना हात लावावयाचा नाही, असा दंडक घालण्यात आला. रमाबाईंनी तोही पाळला. पण धडा सोडला नाही.

छळणाऱ्या या बायकांविषयी आपल्या मनात राग उत्पन्न होतो. तथापि त्यांची बाजूही पाहिली पाहिजे.  नणंद दुर्गाबाई तर तरुणपणीच विधवा झाल्या होत्या. जे नियम पाळण्यात आपला जन्म गेला, तेच नियम कालची पोर सुखाने ओलांडते आहे, हे दृश्य त्यांना रोज पाहावे लागे. रमाबाईंना हे उमगले असावे. कारण पुष्कळ वर्षांनी त्यांनी या दिवसांविषयी लिहिले, ते कटुता न आणता लिहिले.

१८७८ साली माधवरावांची बदली नाशिकला झाली. तेथे घरातील वडील मंडळींचा धाक नव्हता, आणि पतिपत्नींना परस्परांचा सहवास प्रथमच मोकळेपणाने लाभला. रमाबाईंचे पहिले जाहीर भाषण नाशिकलाच झाले. भाषण माधवरावांनी लिहून दिले होते. सभेत धीराने उभे राहण्याचे काम रमाबाईंचे होते.

पुढच्याच वर्षी या कुटुंबावर निराळ्याच प्रकारच्या गैरसमजाचे सावट आले. पनवेलजवळच्या शिरढोण गावचे वासुदेव बळवंत फडके यांनी १८७९ साली इंग्रज सरकारविरुद्ध सशस्त्र बंड उभारले होते. हे फडके पुण्यास नोकरीत असताना माधवरावांची व्याख्याने ऐकीत. त्याच वर्षी मे महिन्यात पुण्यातील बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा यांना आगी लागल्या, आणि पुण्यातील विचारवंत मंडळींचा या सर्वांस आतून पाठिंबा असावा, असा संशय सरकारास आला. माधवरावांना तडकाफडकी धुळ्यास पाठविण्यात आले. तेथे त्यांच्या टपालावर नजर असे, आणि बंडखोरांच्या नावाची पत्रेही त्यांना मुद्दाम येत. माधवराव ती पत्रे सरळ पोलिसांकडे पाठवून देत. कित्येक महिन्यांनी सरकारची खात्री पटली आणि संशय फिटला. या सर्व काळात रमाबाई सतरा वर्षांच्या होत्या. घरातील निंदा सोसण्याची सवय असलेल्या या मुलीने पतीची शांतवृत्ती जवळून पाहिली. आरोप कितीही खोटा असला तरी चिडून उत्तर न देता आपले काम चालू ठेवावयाचे, ही पतीची रीत तिच्याही अंगी बाणत गेली.

१८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यास आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. रमाबाई रानडे तेथे नियमाने जाऊ लागल्या. झाले! घरातील जुनी भांडणे पुन्हा उफाळली. मुलींसाठी इंग्रजी हायस्कूल निघावे म्हणून पुण्यात खटपट चालू होती. त्या निमित्ताने गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर भरलेल्या मोठ्या सभेत रमाबाईंनी इंग्रजीत निवेदन वाचून दाखविले. शेकडो पुरुषांच्या देखत कुलवधूने इंग्रजी बोलावे! सभेत टाळ्या झाल्या. घरी पोहोचताच वाग्बाणांचा वर्षाव सुरू झाला. रमाबाईंनी मुकाट्याने मान खाली घातली. माधवरावांनीही कोणास दुखविले नाही आणि पत्नीस थांबण्यासही सांगितले नाही. २९ सप्टेंबर १८८४ रोजी ते हायस्कूल सुरू झाले. पुण्यातील हुजूरपागेची शाळा ती हीच.

पतीचे प्रत्येक वर्तन रमाबाईंना सहज पटत असे, असे मात्र समजू नये. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही नामांकित मंडळींनी चहा घेतला. आज हसू येईल, पण तेवढ्यावरून गावात केवढे रण माजले! शंकराचार्यांपर्यंत तक्रार गेली. चहाला गेलेल्यांत माधवराव होते, तसेच लोकमान्य टिळकही होते. काही मित्रांच्या घरी लग्नकार्ये अडू लागली, त्यांच्या बायकामुलांचे हाल होऊ लागले. त्यांची अडचण दूर व्हावी म्हणून माधवरावांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले. पुन्हा एकदा सुधारकांनी त्यांना दुबळे ठरविले. रमाबाईंच्या मनाला हे फार लागले. माधवरावांनी असे का करावे, हा प्रश्न त्यांनाही पडला. मित्रांसाठी स्वतःचा लौकिक खर्ची घालणारा हा स्वभाव समजून घेण्यास त्यांना काही काळ लागला. आजही या प्रायश्चित्ताविषयी विद्वानांत दोन मते आहेत.

परंतु या संसारात केवळ दुःखाचे व गंभीर प्रसंगच होते असे नाही. १८८६ साली सरकारी कामानिमित्त उभयता कलकत्त्यास राहिली होती. माधवरावांनी बंगाली शिकावयास घेतले. एके दिवशी ते कोणाशी तरी बोलत आहेत असे ऐकून रमाबाई पाहावयास गेल्या, तो काय! श्मश्रू करणाऱ्या न्हाव्यालाच न्यायाधीशसाहेब बंगाली पुस्तकातील शब्द विचारीत होते. रमाबाईंना हसू आवरेना. ज्यांच्यासमोर बसून पाटीवर अक्षरे काढली, त्या गुरूची आता त्यांना मनमोकळी थट्टा करता येत होती. पुढे बंगाली त्या स्वतःही शिकल्या. माधवरावांची दृष्टी अधू होती. त्यामुळे वर्तमानपत्रे, पत्रे आणि ग्रंथ त्यांना वाचून दाखविण्याचे काम हळूहळू रमाबाईंकडे आले. पूर्वी ज्या वाचनामुळे घराण्याची अब्रू जाते असे म्हणत, ते वाचनच आता घरातील नित्याचे काम होऊन बसले.

१८९३ साली माधवराव मुंबईच्या उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. १६ जानेवारी १९०१ रोजी त्यांचे देहावसान झाले. रमाबाई तेव्हा एकोणचाळीस वर्षांच्याही नव्हत्या. सुमारे वर्षभर त्या पुण्यास एकांतात राहिल्या, आणि मग बाहेर पडल्या. कारागृहातील स्त्रियांना भेटणे, दुष्काळात मदत पोहोचविणे, अशी कामे त्यांनी अंगावर घेतली. १९०८ साली मुंबईत सेवासदन स्थापन झाले, त्याच्या त्या अध्यक्ष झाल्या. १९०९ साली गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्याने पुण्यासही सेवासदन निघाले. विधवांना आणि गरीब स्त्रियांना स्वतःच्या पायांवर उभे राहता यावे, म्हणून तेथे शिक्षिकेचे, शिवणाचे आणि परिचारिकेचे शिक्षण देण्यात येऊ लागले. भल्या घरच्या बाईने रुग्णालयात परक्यांची शुश्रूषा करावयाची, या कल्पनेनेच लोक बिथरत. रमाबाई घरोघर जाऊन आईबापांची समजूत घालीत. घराण्याच्या अब्रूच्या गोष्टी त्यांना नव्या नव्हत्या.

१९१० साली त्यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. मराठी स्त्रीने लिहिलेल्या आत्मचरित्रांत त्याचे स्थान फार वरचे आहे. पुस्तकात मोठेपणा सगळा पतीचा आहे. लेखिकेने स्वतःकडे भूमिका घेतली आहे ती शिकणारीची आणि चुकणारीची. तरीही वाचकास त्यात दोन माणसे दिसतात.

१९२४ साली रमाबाई निवर्तल्या. १९६२ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले. पुण्याच्या सेवासदनात प्रौढ स्त्रियांसाठीही वर्ग चालत. घरची कामे उरकून, डोक्यावर पदर घेऊन, कोणी सासू, कोणी सून, कोणी तरुण विधवा तेथे येत आणि शेजारी शेजारी बसत. त्यांतील कित्येकींचा आरंभ मुळाक्षरांपासूनच होत असे.