पेनिसिलिन शोधलं, अन् धोकाही सांगून ठेवला : अलेक्झांडर फ्लेमिंग

११ मार्च : पुण्यतिथी विशेष

साधी जखम चिघळून धडधाकट माणूस दगावायचा, असा तो काळ होता. तो बदलणारा माणूस शेतकऱ्याच्या घरातला.

अलेक्झांडर फ्लेमिंग यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ चा. स्कॉटलंडमधल्या डार्व्हेल गावाजवळ त्यांच्या घरची शेती. सात वर्षांचे असतानाच वडील गेले. पोरवयातच ते लंडनला आले, जहाज कंपनीच्या ऑफिसात चार वर्षं नोकरी केली. काकांच्या वारशाचे थोडे पैसे मिळाले, तेव्हा कुठे डॉक्टरकीला प्रवेश घेता आला.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या लष्करी दवाखान्यात जखमा सडून सैनिक मरताना त्यांनी पाहिले. तिथून जंतूंवर औषध शोधायचा ध्यास लागला.

सप्टेंबर १९२८. सुट्टीवरून परतल्यावर जंतू वाढवायच्या एका बशीत बुरशी आलेली दिसली. बुरशीभोवतीचे जंतू मात्र विरघळून गेले होते. त्यातूनच पेनिसिलिन सापडलं. त्याचं वापरता येईल असं औषध पुढे ऑक्सफर्डच्या फ्लोरी आणि चेन यांनी केलं. १९४५ मध्ये तिघांना नोबेल मिळालं.

नोबेलच्या भाषणात फ्लेमिंग यांनी एक काल्पनिक गोष्ट सांगितली. घसा दुखतो म्हणून एक जण स्वतःच थोडंसं पेनिसिलिन घेतो. जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. तेच जंतू बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो. आता पेनिसिलिन चालत नाही आणि ती मरते.

भीती खोटी नव्हती. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय जंतूत पेनिसिलिन निकामी करणारा घटक १९४० मध्येच सापडला होता. फ्लेमिंग ११ मार्च १९५५ रोजी वारले. त्यानंतर काही वर्षांतच जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं की औषधाला दाद न देणारी जनुकं एक जंतू दुसऱ्याला देतो. पोटातला निरुपद्रवी जंतूसुद्धा ती हगवणीच्या जंतूला देऊ शकतो.

म्हणून सर्दी-पडशाला मेडिकलमधून आपल्या मनाने अँटिबायोटिक आणू नका. घरात उरलेल्या गोळ्या दुसऱ्याला देऊ नका. डॉक्टरांनी दिलेला कोर्स बरं वाटलं तरी मधेच सोडू नका, शंका असेल तर त्यांनाच विचारा. गोष्टीतल्या नवऱ्याची चूक आपल्या घरात नको.